पीठ चाळायला लाकडी चौकट की प्लॅस्टिकची? आधी झाडणार की धुणार ते ठरवा

गेली 19 वर्षं मी छोटी पिठाची गिरणी चालवते. दगडाची चक्की, शेजारी चाळणीयंत्र आणि त्या यंत्रात एकावर एक रचलेल्या 12 चौकटी, एवढा माझा पसारा. वडील सुतार. सुरुवातीच्या सगळ्या चौकटी त्यांच्या हातच्या होत्या. त्यांतल्या 5 आजही रोज चालतात, बाकीच्या 7 प्लॅस्टिकच्या आहेत. त्यामुळे नवी गिरणी टाकणारं कुणी ना कुणी विचारतंच, "ताई, चौकटी लाकडी घेऊ की प्लॅस्टिकच्या?" मी उलट विचारते, "साफ कशा करणार? झाडून की धुऊन?"

बहुतेकांनी तो विचार केलेलाच नसतो. वजन उचलून पाहिलेलं असतं, किंमत विचारलेली असते, कुणीतरी "लाकूड जुनाट" म्हणालेलं असतं. पण चौकट दोन-तीन वर्षांनी कशी दिसेल ते तिला काय काय सोसावं लागतं त्यावर ठरतं, आणि तिचे सगळ्यात जास्त हाल साफसफाईत होतात. दळण कोरडं असतं, पीठ मऊ असतं, त्याने चौकटीचं फारसं बिघडत नाही. बिघडवतं ते पाणी, खरवडणी, आपट आणि ऊन. म्हणून माझं सांगणं आधी सांगून टाकते: कोरडी साफसफाई जमत असेल तर चांगलं लाकूड बिनधास्त घ्या, धुतल्याशिवाय चालणारच नसेल तर प्लॅस्टिक घ्या, पण त्याचेही दोन-तीन धोके नीट समजून घ्या.

चौकटीचं काम नेमकं काय

पीठ चाळते ती जाळी. चौकट लाकडाची असो की प्लॅस्टिकची, तिने दोन कामं करायची असतात. जाळी ताणून धरायची, आणि वरच्या-खालच्या चौकटींशी फट न ठेवता बसायचं. पहिलं काम सगळ्यांच्या लक्षात असतं, दुसरं विसरलं जातं.

यंत्रात चौकटी एकमेकींवर दाबून आवळलेल्या असतात आणि मध्ये नमद्याची पट्टी असते. आडव्या चौकटींची थप्पी गोल गोल हलवून चाळायची ही रचना, म्हणजे प्लॅनसिफ्टर, 1880च्या दशकात बुडापेस्टमध्ये कारोय हागेनमाखर यांनी पुढे आणली. आजच्या मोठ्या गिरण्यांतली यंत्रंही त्याच कल्पनेवर चालतात. थप्पीत कुठेही फट पडली की जाळीवरून घसरत जाणारा कोंडा त्या फटीतून थेट खालच्या बारीक पिठात उतरतो. डोळ्यांना पीठ बरंच दिसतं. चिमटीत घेऊन चोळलं की खरखर लागते.

केवढी फट चालेल? चाळलेल्या गव्हाच्या पिठासाठी कोडेक्सचं (अन्नपदार्थांची मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं) जे मानक आहे (क्रमांक 152, साल 1985) त्यात म्हटलंय की किमान 98 टक्के पीठ 212 मायक्रॉनच्या चाळणीतून गेलं पाहिजे. 212 मायक्रॉन म्हणजे 0.212 मिलिमीटर. आता चौकट अर्धा मिलिमीटर वाकली तर ती फट जाळीच्या भोकाच्या दुपटीहून मोठी झाली. जाळी कितीही उत्तम घेतली तरी त्या फटीपुढे तिचं काही चालत नाही. त्यामुळे लाकूड आणि प्लॅस्टिक यांची तुलना करताना मला पहिला प्रश्न हाच पडतो, की कोण कशाने हलतं, म्हणजे फुगतं, आकसतं किंवा वाकतं?

लाकूड पाण्याने हलतं

लाकूड हवेतलं बाष्प घेतं आणि सोडतं. रेषांच्या दिशेने, म्हणजे लांबीत, त्याचा फरक नगण्य असतो. रुंदीत मात्र चांगला जाणवतो. 6 सेंटीमीटर रुंद पट्टी धरा. तिच्यातली ओल 4 टक्क्यांनी वाढली तर साधारण अर्धा मिलिमीटर ती फुगते. चारही पट्ट्या सारख्या फुगल्या तर एक वेळ निभावतं, पण तसं होत नाही. एका पट्टीच्या रेषा उभ्या कापलेल्या असतात, दुसरीच्या आडव्या. एक जास्त फुगते, दुसरी कमी. मग कोपरा उचलला जातो.

हे मी स्वतःच्या हाताने करून बसले आहे. तिसऱ्या वर्षी चौकटींच्या कडांना पिठाचा कडक थर बसला होता. दळायच्या आधी धान्याला जरा जास्त ओल दिली गेली की गरम पिठातून वाफ निघते, ती थंड भागावर बसते आणि तिथे पीठ चिकटून सुकतं, तसला थर. ब्रशने निघेना, म्हणून 4 चौकटी मी पाण्यात भिजत घातल्या, घासल्या आणि लवकर वाळाव्यात म्हणून उन्हात ठेवल्या. संध्याकाळी त्या सपाट फरशीवर ठेवल्या तर दोन चौकटी डुलत होत्या. एका कोपऱ्यावर बोट दाबलं की समोरचा कोपरा वर. वडिलांनी पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "बाळ, लाकूड पाणी पितं. त्याला पाजू नकोस, आणि चुकून पाजलंस तर सावलीत वाळव." उन्हात वरची बाजू आधी सुकून आकसते, खालची ओलीच राहते, त्यामुळे पट्टी पिळवटते. त्या दोन चौकटी पुन्हा सरळ झाल्या नाहीत.

म्हणून लाकूड घ्यायचं तर ते आधीच पुरतं वाळलेलं हवं, दाट रेषांचं हवं आणि त्याला डिंकाचा, तेलाचा वास नको. बीच, मेपल, बर्च ही लाकडं या कामाला चालतात, कारण ती कठीण आहेत आणि त्यांना स्वतःचा वास फारसा नसतो. राळ असलेलं लाकूड टाळा. पिठाला वास पटकन लागतो आणि लागलेला जात नाही. एकसंध लाकडापेक्षा चांगलं प्लायवूड कमी हलतं, कारण त्यातले थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात. गिरण्यांसाठी तयार मिळणाऱ्या बऱ्याच लाकडी चौकटी अशाच, वरून गुळगुळीत लॅमिनेट लावलेल्या प्लायवूडच्या असतात. त्यांचे कापलेले काठ नीट बंद केलेत का, ते बघा. पाणी शिरतं ते काठातून.

प्लॅस्टिक उष्णतेने हलतं

प्लॅस्टिक पाणी पीत नाही म्हणून ते "हलतच नाही" असा समज आहे. तो खरा नाही. पॉलिप्रोपिलीन या नेहमीच्या प्लॅस्टिकची 60 सेंटीमीटर लांब बाजू 20 अंशांनी तापली तर मिलिमीटरभर किंवा त्याहून थोडी जास्त वाढते. लाकडाची लांबी तेवढ्या उष्णतेने जेमतेम बदलते. चक्कीतून निघालेलं पीठ हाताला चांगलं गरम लागतं, तेव्हा ही 20 अंशांची वाढ काही काल्पनिक नाही. सकाळी घट्ट बसलेली चौकट दुपारी खाचेत अडकते, ओढून काढावी लागते, ती यामुळे.

यात एक बरं आहे. प्लॅस्टिक सगळीकडून सारखं वाढतं आणि थंड झालं की पूर्ववत होतं, पिळवटत नाही. काचतंतू घातलेलं प्लॅस्टिक आणखी कमी वाढतं. फक्त यंत्रात बसवताना खाचेत थोडी मोकळीक ठेवा आणि सतत गरम पीठ येतं तिथे चौकटी आवळून धरणारा पट्टा गरजेपेक्षा जास्त कसू नका. उष्णता आणि दाब दोन्ही महिनोन्महिने राहिले की प्लॅस्टिक हळूहळू दबून आकार बदलतं, आणि ते मग परत येत नाही.

थंडीत उलटा त्रास. साधं पॉलिप्रोपिलीन शून्य अंशाच्या आसपास ठिसूळ होतं. गार गोदामातून काढलेली चौकट हातातून पडली तर कोपरा उडतो.

तो पांढरा तुकडा

कोपरा उडतो म्हणजे काय होतं, हे सांगते, कारण प्लॅस्टिक घेणाऱ्याने सगळ्यात जास्त याचाच विचार करावा असं मला वाटतं.

पहिला प्लॅस्टिकचा संच मी पांढऱ्या रंगाचा घेतला. स्वच्छ दिसतो म्हणून. सहा-सात महिन्यांनी एका संध्याकाळी चौकटी काढताना दिसलं की एका आतल्या कोपऱ्याचा हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा गेलेला आहे. सकाळी होता. म्हणजे दिवसभरात कधीतरी तुटला, आणि तुटून गेला कुठे? यंत्राच्या तळात नाही, कोंड्यात नाही. पिठात प्लॅस्टिकचा पांढरा तुकडा शोधणं म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. त्या दिवसाचं सगळं पीठ मी थांबवलं. पोत्यातून पोत्यात, नव्या जाळीवरून, थोडं थोडं. रात्री उशिरा तो सापडला, चौथ्या पोत्यात. तोपर्यंत एकही पोतं बाहेर गेलं नव्हतं, एवढंच समाधान.

लोखंडाचा तुकडा असता तर चुंबकाने धरला असता. प्लॅस्टिक चुंबकाला लागत नाही, धातूशोधक यंत्रालाही कळत नाही. म्हणून आता मी नियमच केलाय: पीठ ज्याला लागतं ते प्लॅस्टिक निळं. धान्यात, पिठात, कोंड्यात निळा रंग नैसर्गिकपणे नसतो, त्यामुळे तुकडा चटकन नजरेत येतो. मोठ्या गिरण्यांसाठी धातूची पूड मिसळलेलं प्लॅस्टिकही मिळतं, ते धातूशोधकाला सापडतं. तुमच्याकडे तसं शोधक यंत्र असेल तरच त्याचा उपयोग.

लाकडाची कुसळंही चुंबकाला लागत नाहीत, हे खरं. पण लाकूड सहसा सांगून तुटतं. आधी भेग दिसते, मग कड खडबडीत होते, बोट फिरवलं तर टोचतं. प्लॅस्टिक परवापर्यंत धडधाकट दिसतं आणि आज तडकतं. दोन्हींवर उपाय एकच, आणि तो मी कधी चुकवत नाही: सुरू करताना आणि बंद करताना प्रत्येक चौकटीचे चार कोपरे बोटाने चाचपायचे. आणि पीठ भरायच्या ऐन आधी, सगळ्या चाळणीनंतर, जरा मोठ्या भोकांची एक शेवटची जाळी ठेवायची. तिच्यावर एरवी काहीच राहायला नको. जे राहील ती खबर.

किडे कोपऱ्यात राहतात

लाकडाबद्दल लोकांचा आक्षेप असतो तो किड्यांचा. तो खोटा नाही, पण अर्धा आहे.

पिठातला लाल भुंगा 3 ते 4 मिलिमीटर लांब असतो आणि चपटा. त्याला लाकूड खायचं नसतं; त्याला फट हवी असते, जिथे जुनं पीठ साचलंय आणि कुणी हलवत नाही. उबदार हवेत महिनाभरात अंड्याचा भुंगा होतो. म्हणजे महिन्यातून एकदाच कोपरे साफ करणारा माणूस भुंग्यांना बरोबर एका पिढीचा वेळ देतो. मी दर आठवड्याला कोपरे काढते.

एकदा वडिलांनी केलेल्या एका चौकटीचा सांधा सैल झालेला दिसला, म्हणून मी पटाशीने तो उघडला. कुसू, म्हणजे पट्टीचं कोरलेलं टोक, जिथे दुसऱ्या पट्टीच्या भोकात बसतो तिथे, नखाएवढ्या पोकळीत, पिवळट पीठ गच्च भरलेलं, रेशमासारख्या धाग्यांनी एकमेकांना चिकटलेलं. ते पाकोळीच्या, म्हणजे पिठातल्या पतंगाच्या, अळीचं जाळं. बाहेरून फक्त केसभर रेष दिसत होती. त्या दिवसापासून मी लाकडी चौकटीत सगळ्यात आधी सांधा बघते, लाकूड नंतर. सांधा सरसाने पूर्ण भरलेला हवा, आणि आतल्या चारही कोपऱ्यांना काटकोनाऐवजी गोलाई हवी. गोल कोपऱ्यात कुंचा फिरतो, काटकोनात फिरत नाही.

काही किडे मात्र लाकूड खरोखर पोखरतात. कॅडेल नावाच्या काळ्या भुंग्याच्या अळ्या कोष करायला लाकडात शिरतात. चौकटीला टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं दिसली आणि खाली भुसा पडलेला असला, तर ती चौकट यंत्राबाहेर काढा. दुरुस्त करत बसू नका.

आणि प्लॅस्टिक? बऱ्याच प्लॅस्टिक चौकटी आतून पोकळ असतात, वजन कमी ठेवायला. त्या पोकळीपर्यंत एक तडा गेला की पीठ आत, धुताना पाणीही आत, आणि मग आत जे तयार होतं ते तुम्हाला बघवणार नाही. कानाजवळ धरून हलवा. आत सळसळ किंवा डचमळ ऐकू आली तर चौकट बाद.

"लाकूड घाण, प्लॅस्टिक स्वच्छ" हे सरसकट म्हणू नये, याला एक आधार आहे. अमेरिकेतले शास्त्रज्ञ डीन क्लिव्हर यांनी भाजी-मांस कापायच्या पाटांवर काम केलं. त्यात दिसलं की सुरीचे ओरखडे पडलेला प्लॅस्टिकचा पाट हाताने घासून स्वच्छ होणं अवघड असतं, तर लाकडात शोषले गेलेले जंतू वाढत नाहीत, हळूहळू मरतात. चाळणी म्हणजे पाट नव्हे, हे मान्य. पण ओरखड्यांचा धडा इथेही लागू आहे. तारेच्या घासणीने घासलेली प्लॅस्टिकची चौकट वर्षभरात खरबरीत होते आणि नव्या लाकडापेक्षा जास्त पीठ धरून ठेवते.

काठावर उभं राहणारं पीठ

कोरड्या थंड दिवशी प्लॅस्टिकच्या चौकटीचा काठ जवळून बघा. पिठाचे कण त्यावर बारीक लव उगवल्यासारखे उभे असतात. फुंकर मारली तरी हलत नाहीत. ही घर्षणाने साचलेली स्थिर वीज. पीठ घासत जातं, प्लॅस्टिकवर भार साचतो, आणि प्लॅस्टिकमधून वीज वाहत नसल्यामुळे तो तिथेच राहतो. जाळीही नायलॉनची असेल तर बारीक पीठ भोकांच्या कडांना चिकटतं, भोकं बुजतात आणि चांगलं पीठ कोंड्याबरोबर निघून जातं. कोंडा अचानक पांढरट आणि जड वाटायला लागला तर ही शंका आधी घ्या.

पण चिकटण्यापेक्षा मोठी गोष्ट ठिणगीची. हवेत उडालेली पिठाची धूळ स्फोट होऊन पेटते. 2 मे 1878 रोजी अमेरिकेत मिनिआपोलिस इथे वॉशबर्न ए ही प्रचंड गिरणी पिठाच्या धुळीच्या स्फोटात उडाली आणि 18 माणसं गेली. तिथे दगडांतली ठिणगी हे कारण मानलं जातं. चाळणीयंत्राच्या बंद पेटीतही तशीच धूळ असते.

यासाठी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. प्लॅस्टिकच्या चौकटीत स्टीलची जाळी बसवली, तर ती जाळी चहूबाजूंनी वीजरोधक वस्तूने वेढली जाते. धातूवर साचलेला सगळा भार मग एका झटक्यात उडी मारू शकतो. अशा जाळीला तांब्याच्या वेणीने यंत्राच्या सांगाड्याशी आणि सांगाड्याला जमिनीशी जोडलंच पाहिजे, आणि हे काम जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. ज्यांना ही जोडणी करून घेणं शक्य नाही, त्यांनी प्लॅस्टिक चौकट आणि स्टील जाळी ही जोडी घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. लाकडात थोडी ओल असते, त्यामुळे भार हळूहळू निसटून जातो. म्हणून माझ्या स्टीलच्या जाळ्या सगळ्या लाकडी चौकटींवर आहेत, आणि तिथूनही जोडणी केलेली आहेच.

जाळीकडे पाठ फिरवू नका

चौकटीच्या वादात जाळी मागे पडते. दुकानदार "40 मेश" म्हणतो आणि आपण मान डोलावतो. मेश म्हणजे एका इंचात किती भोकं. इंच 25.4 मिलिमीटरचा, म्हणजे एक भोक आणि एक तार मिळून 0.635 मिलिमीटर. तार 0.25 जाड असेल तर भोक उरतं 0.385; तार 0.18 असेल तर 0.455. दोन्ही जाळ्या 40 मेशच्याच, पण पहिलीत मोकळी जागा साधारण 37 टक्के, दुसरीत 51 टक्के. पहिली दणकट, दुसरी भराभर चाळणारी, आणि पीठ दोघींचं वेगळं. म्हणून मेश विचारू नका, भोक किती मायक्रॉनचं ते विचारा.

जाळीच्या धाग्याचं चौकटीशी नातं असतं. एकोणिसाव्या शतकातल्या गिरण्या रेशमी जाळी वापरत. आता नायलॉन, पॉलिएस्टर किंवा स्टील. नायलॉन घासणीला चिवट, पण दमट हवेत ओल घेतं आणि सैल पडतं. पॉलिएस्टर ओल जवळजवळ घेत नाही, ताण टिकवतं. धुवायची चौकट असेल तर तिच्यावर पॉलिएस्टर बरं. स्टीलची तुटलेली तार चुंबकावर भरवसा ठेवून सोडू नका. स्टेनलेसचे नेहमीचे प्रकार चुंबकाला नीट लागत नाहीत.

जाळी पुन्हा भरण्यात लाकूड सरळ जिंकतं. जुन्या स्टेपल पिना उपटायच्या, नवी जाळी ताणायची, पिना मारायच्या. घरच्या घरी होतं. फक्त उपटलेल्या पिना मोजायच्या, जितक्या मारल्या होत्या तितक्या हातात आल्या पाहिजेत. मी त्या वाटीत टाकते आणि मोजून मगच वाटी उचलते. प्लॅस्टिकवर जाळी चिकटवावी लागते. जुना गोंद खरवडताना चौकट ओरखडते, आणि ताण देणारी चौकट-ओढणी नसेल तर हाताने नीट ताण येत नाही. जवळपास हे काम करणारं कुणी नसेल, तर प्लॅस्टिकच्या चौकटी घेताना सुट्या जाळीसह एक-दोन जास्तीच्या घेऊन ठेवा.

घेताना हातात धरून काय बघायचं

काच किंवा गुळगुळीत फरशी, जी हमखास सपाट आहे, तिच्यावर चौकट ठेवा. चारही कोपरे एकेक करून दाबा. डुलली तर परत. मग मोजपट्टीने दोन्ही कर्ण मोजा; त्यांत 1 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही आणि थप्पीत तिरकी बसेल.

जाळीवर बोटाच्या पेराने टिचकी मारा, मध्यभागी आणि चारही बाजूंना. सगळीकडून एकाच सुराचा, डफासारखा टणक आवाज यायला हवा. एखाद्या बाजूला आवाज बसका आला तर तिथे ताण कमी आहे. सैल जाळीवर पीठ मध्यभागी साचतं, चाळलं जात नाही, आणि ती लवकर फाटते.

उजेडासमोर धरा. धागे लाटेसारखे वाकडे दिसले तर ताणताना जाळी तिरकी ओढली गेली आहे, म्हणजे भोकं चौकोनी राहिलेली नाहीत.

प्लॅस्टिकवर पेला आणि काटा असं चिन्ह शोधा. ते अन्नाला लागायला योग्य असल्याची खूण आहे. त्रिकोणातला 5 आकडा म्हणजे पॉलिप्रोपिलीन, 2 म्हणजे हाय डेन्सिटी पॉलिथिलीन; त्रिकोणाने फक्त प्लॅस्टिकचा प्रकार कळतो, अन्नासाठी योग्य की नाही ते नव्हे. आणि वास घ्या. नवी चौकट बंद पिशवीत रात्रभर ठेवून सकाळी पिशवी उघडा. जो वास येईल तोच पिठाला लागणार आहे. लाकडालाही हीच परीक्षा.

साफ करताना

लाकडी चौकट: ताठ केसांच्या कुंच्याने झाडा, कोपऱ्यांत व्हॅक्यूमचं अरुंद तोंड फिरवा, चिकटलेला थर प्लॅस्टिकच्या बोथट पट्टीने कोरडाच खरवडा. हवेच्या झोताने उडवू नका. पीठ आणि अंडी दोन्ही खोलीभर पसरतात, आणि धुळीचं मी वर सांगितलंच आहे. फारच झालं तर घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा आणि सावलीत, दोन काठ्यांवर आडवी, हवा खालूनही लागेल अशी वाळवा. दुसऱ्या दिवसाआधी यंत्रात घालू नका.

किड्यांची शंका असेल आणि चौकट डीप फ्रीजरमध्ये मावत असेल, तर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उणे 18 अंशांना 4 दिवस ठेवा. अंड्यांसकट मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच सोडू नका. चौकट खोलीच्या तापमानाला येईपर्यंत बंदच राहू द्या. मग दव पिशवीवर बसतं, लाकडावर नाही. नंतर कडक झाडा. अंडी जाळीला चिकटून राहतात आणि ती पिठाच्या कणांपेक्षा मोठी असतात. 250 मायक्रॉनच्या जाळीतून पीठ खाली जातं, लाल भुंग्याची अंडी वर राहतात. फटी नसलेली बारीक चाळणी म्हणूनच माझ्या मते सगळ्यात चांगलं कीडनियंत्रण आहे.

प्लॅस्टिक चौकट: आधी कोरडीच झाडा, नाहीतर पाणी लागताच पिठाची खळ होऊन ती जाळीच्या भोकांत बसते. मग कोमट पाणी, साधा साबण, मऊ स्पंज. उकळतं पाणी नको, तारेची घासणी नको. धुऊन झाल्यावर उभी ठेवून निथळू द्या आणि जाळी व चौकट जिथे चिकटलेली असते तिथे टिपकागद दाबून बघा. कागद ओला झाला तर अजून वाळायची आहे. ओल्या चौकटीवर पडलेलं पहिलं पीठच पुढच्या थराची सुरुवात असते.

हाताने चाळायच्या छोट्या गोल चाळणीला एवढं सगळं लागू नाही. ती हातात असते, रोज नजरेखाली असते. तिथे लाकडी कडं हाताला गरम-गार लागत नाही आणि वर्षानुवर्षं टिकतं. पण घरात ती भांड्यांबरोबर धुतलीच जाणार असेल, तर सरळ प्लॅस्टिकचं किंवा स्टीलचं कडं घ्या.

आणि एकाच थप्पीत लाकूड-प्लॅस्टिक मिसळायचं असेल, जसं माझ्याकडे आहे, तर लाकडी चौकटी वर आणि प्लॅस्टिकच्या खाली ठेवा. वर गरम, जाडंभरडं पीठ येतं. ते लाकूड सोसतं. खाली पोचेपर्यंत ते निवतं. दोन प्रकार जिथे एकमेकांना भिडतात तिथे नमद्याची पट्टी जरा जाड घ्या, कारण दोघांचं हलणं वेगवेगळं. प्रत्येक चौकटीच्या बाहेरच्या अंगाला जाळी भरल्याची तारीख आणि भोकाचा आकार लिहून ठेवा, आणि काढलेल्या क्रमानेच परत लावा. वडिलांच्या 5 चौकटींवर त्यांच्या पेन्सिलचे आकडे अजून आहेत. मी फक्त त्यांच्या खाली नवी तारीख घालते.